लाल तेलाच्या गाडीची व्यवस्था

मी, टॅम्सिन रूथ गॅफ्नी, वय एकतीस, वंगणतेलांची रसायनतज्ज्ञ, राहणार वुडब्रिज, टास्मानिया, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. पुढच्या आठवड्यात मी अंटार्क्टिकावरच्या तळावर हिवाळा काढायला निघते आहे, त्यासाठी डॉक्टरांनी मला दातांपासून मनापर्यंत तपासले आहे आणि दोन्हींबद्दल लेखी समाधान व्यक्त केले आहे. कोणी भरीस घातले म्हणून मी हे लिहीत नाही. जाणाऱ्या प्रत्येकाने मृत्युपत्र करून जावे असा सल्ला मिळाला, तो मी मानला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. एक मसुदा केला होता, त्याचा उल्लेख कलम चारमध्ये येईल. तो ग्राह्य धरू नये.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी विनिफ्रेड स्केग्ज, राहणार सिग्नेट, यांनी करावी. विनी मावशी ही माझ्या आईची मैत्रीण. तिच्या कुरणात मेंढ्यांपेक्षा मोडक्या सिट्रोएन गाड्या जास्त आहेत, आणि कोणत्या गाडीचा कोणता भाग कुठल्या झुडपाखाली आहे हे तिला पाठ आहे. माझ्या चार वस्तू तिला सहज सांभाळता येतील.

मी विचारायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मी पंचाहत्तरीची, तू तिशीची, आणि तुझ्यामागचं मी निस्तरायचं? उलटी गंगा आहे ही, पोरी."

"तू काही मरत नाहीस, मावशी."

"तेही खरंच म्हणा. सवड कुठाय?"

हा तिचा होकार समजावा.

कलम दोन. मी तळावर मेले आणि मला परत आणणे सोयीचे असले तर आणावे, नसले तर कोणी जीव धोक्यात घालू नये. दहन करावे. राख घरासमोरच्या खाडीत सोडावी, वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे असताना. भाषणे नकोत.

कलम तीन. बँकेतली माझी सर्व शिल्लक माझा भाऊ कॉर्मॅक, राहणार लॉन्सेस्टन, याला मिळावी. या मृत्युपत्रात ज्याचा उल्लेख राहिला असेल असे सगळेही त्यालाच. घर वडिलांचे आहे, त्यात माझे काही नाही. माझी हत्यारे विनी मावशीला द्यावीत. त्यांतला टॉर्क पाना सध्या ऱ्हीस या गृहस्थांकडे आहे. आम्ही वेगळे झालो तेव्हा तो त्यांच्या सामानात गेला. तो परत मागावा. ते नट हाताच्या अंदाजाने आवळतात, त्यांना तो लागत नाही.

कलम चार. माझ्या मालकीची सिट्रोएन आयडी-१९, सन १९६३, मेलबर्नजवळच्या कारखान्यात जोडलेली, रंग मळकट पांढरा, ही गाडी मी माझे वडील डेस्मंड पॅट्रिक गॅफ्नी यांना देते. पूर्णपणे, कोणतीही अट न घालता.

"कोणतीही अट न घालता" हे शब्द मी विचार करून लिहिले आहेत. आधीच्या मसुद्यात अट होती. गाडी विनी मावशीकडे राहावी, वडिलांना चालवायला द्यावी, पण बॉनेट उघडू देऊ नये, असे मी डिसेंबरात टंकून काढले होते. कायद्याच्या भाषेत ते फार नीटनेटके दिसत होते. छापील कागद हातात आल्यावर मला तो टेबलावर उताणा ठेववेना. मी तो फाडला.

ज्याला या गाड्या माहीत नाहीत त्याच्यासाठी सांगते. त्यांना स्प्रिंगा नसतात. त्या तेलाच्या दाबावर उभ्या राहतात. इंजिन सुरू केले की बसलेली गाडी हळूहळू उठते. तेच तेल ब्रेकलाही जाते. जुन्या गाड्यांत हे तेल लाल असते, पुढच्या काळातल्या गाड्यांत हिरवे. लाल तेलासाठी केलेली रबरी सील हिरव्यात फुगतात आणि हिरव्यासाठी केलेली लालमध्ये कामातून जातात. एकदा चुकीचे तेल आत फिरले की उभे राहणेही गेले आणि थांबणेही गेले. म्हणून कारखान्याने हिरव्या तेलाच्या गाड्यांचे सगळे भाग हिरवे रंगवले, लाल तेलाच्यांचे काळे. माझी गाडी लाल तेलाची आहे.

वडिलांची गाडी हिरव्या तेलाची होती. ते केटरिंगहून ब्रुनी बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर इंजिने सांभाळत. कोणत्या इंजिनाला कोणते तेल पाजायचे, किती दिवसांनी बदलायचे, बंदरावर आलेला कोणता डिझेलचा टँकर परत पाठवायचा, हे त्यांच्या शब्दावर चाले. घरी आले की तेच हात त्या गाडीत घालत. तीस वर्षे त्यांनी ती रोज चालवली. आई गेल्यावर विकली. का विकली ते बोलले नाहीत. त्यानंतर काही महिन्यांनी विनी मावशीच्या कुरणातून ही लाल तेलाची गाडी ओढत घरी आणली आणि मला म्हणाले, "तुला कामावर जायला गाडी हवी ना? ही घे. पण शोभेला नाही हां. रोज चालवायची. ही उभी राहिली की मरते."

दोन हिवाळे आम्ही तिच्यावर काम केले. नळ्या वाकवायला त्यांनी मला शिकवले. मी आमच्या प्रयोगशाळेतून तेलाचे आकडे आणायचे, वडील ते ऐकून घ्यायचे आणि मग अंगठा आणि तर्जनीत तेल चोळून तेच सांगायचे. तेव्हापासून मी रोज होबार्टला जाते-येते ती याच गाडीने.

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या सिट्रोएन क्लबाचे जेवण आमच्या अंगणात होते. गाडी सुरू करून ठेवली होती. ती मागून उठायला वेळ लावत होती. टाकीतले तेल थोडे खाली गेले आहे हे वडिलांच्या लक्षात आले. ते शेडमधल्या फळीकडे गेले. फळीवर माझ्या लाल तेलाचा डबा होता आणि शेजारी क्लबाच्या इतर गाड्यांसाठी ठेवलेला हिरव्याचा. ते मागे वळून कोणाशी तरी कोळंबीबद्दल बोलत होते. तीस वर्षांच्या सवयीचा हात हिरव्या डब्यावर गेला. बोलत बोलत त्यांनी ते ओतले.

क्लबातले बेसिल टॅपिंग शेजारी उभे होते. ते ओरडले, "अरे डेस, हे हिरवंगार काय? मटारचं सूप पाजतोयस का तिला?"

सगळे हसले. मग ज्यांना कळले त्यांनी हसणे थांबवले. वडिलांनी हातातल्या डब्याकडे पाहिले, तो दुसऱ्या कोणी त्यांच्या हातात दिला असावा तसे. "टॅम," ते म्हणाले, "अगं, मी..."

मी इंजिन बंद केले. आणि मग, सर्वांसमोर, आवाज न चढवता, म्हणाले, "बाबा, तुम्ही आत जाऊन बसा. माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका. आजोबांसारखंच व्हायला लागलंय तुमचं."

आजोबा शेवटची काही वर्षे कोणालाच ओळखत नव्हते. वडील त्यांना दर रविवारी भेटायला जात आणि दर रविवारी स्वतःची ओळख करून देत. वडिलांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटते आणि ती कोणती हे मला माहीत होते.

ते आत जाऊन बसले. सांगितले तसेच.

गाडीचे नुकसान भरून निघाले. तेल काढले, सगळी यंत्रणा धुतली, सील बदलली. मी आणि विनी मावशीने नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ते उरकले. काम चालू असताना वडील शेडकडे फिरकले नाहीत. मावशी गाडीखालून म्हणाली, "बापाला हाक मार. ती मागची नळी त्याच्याशिवाय बसायची नाही." मी म्हणाले, "आपण बसवू." आम्ही बसवली. बराच वेळ लागला.

मी असे का बोलले हे मी स्वतःला विचारून पाहिले आहे. राग गाडीसाठी होता असे म्हणणे सोयीचे आहे, पण ते अचूक नाही. बेसिल पाहत होते. मला माझ्या वडिलांची लाज वाटली. ती लाज काही क्षण टिकली. त्या लाजेची लाज अजून टिकून आहे आणि ती कमी होण्याची चिन्हे नाहीत.

कारण आता वडील ओतण्याआधी प्रत्येक गोष्ट मला दाखवतात. दुधाची बाटली उंच धरतात, "चहाला हेच ना, टॅम?" सॅलडवर व्हिनेगर घालण्याआधी लेबल मोठ्याने वाचतात. परवा पेट्रोल पंपावरून मला कामावर फोन केला. पंपासमोर उभे राहून, मागे गाड्यांची रांग असताना, "कुठलं भरू गं?" असे विचारले. स्वतःच्या ट्रकमध्ये, जो ते बारा वर्षे चालवतात. मी सांगितले. तेवढेच सांगितले. दुसरे काही बोलता आले असते.

त्यांनी स्वतःहून डॉक्टरांकडे जाऊन तपासून घेतले. स्मरणशक्ती वयाच्या मानाने चांगली निघाली. तो कागद त्यांनी मी न मागता माझ्या ताटाशेजारी ठेवला, शाळेतून आलेल्या मुलाने ठेवावा तसा. मी वाचला आणि "छान" म्हणाले.

मी निघाल्यावर फोन उचलायला इथे कोणी नाही. ज्याच्या शब्दावर बोट निघत होती, तो माणूस स्वतःच्या हातावर पुन्हा विश्वास ठेवेल की नाही, हे मला माहीत नाही. तो विश्वास मी मोडला आहे, आणि तो जोडण्याचा दुसरा मार्ग मला सापडला नाही, म्हणून मी गाडी त्यांना देते आहे. तोंडाने सांगायला मला जमले नाही. मी नसताना हे वाचले जाईल, हे मला लिहिताना सोपे वाटले. हे धैर्याचे लक्षण नाही याची मला जाणीव आहे.

कलम पाच. वडिलांनंतर गाडी ज्या कोणाकडे जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. वडिलांना हे कलम लागू नाही. यातले बरेचसे त्यांनीच मला शिकवले आहे.

पेट्रोल अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचे भरावे. इथेनॉल मिसळलेले भरू नये. ते पाणी धरते, जुन्या नळ्या मऊ करते, आणि रोज चालणाऱ्या गाडीला हे जास्त बाधते, कारण रोज थोडे थोडे होणारे नुकसान दिसत नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये असणाऱ्या शिशाऐवजी टाकायची म्हणून जी बाटली विकतात ती घेऊ नये. या इंजिनाला तिची गरज नाही, गरज विकणाऱ्याला आहे. इंजिनात वीस-पन्नासचे साधे खनिज तेल घालावे, पण डब्यावर जस्ताचे प्रमाण वाचून. नव्या गाड्यांच्या तेलात जस्त कमी असते आणि या कॅमशाफ्टला ते हवे असते. गिअरबॉक्सला जीएल-चार प्रतीचे तेल. दुकानदार म्हणेल की जीएल-पाच अधिक चांगले, एक आकडा वर आहे. त्याचे आभार मानावेत आणि जीएल-चारच घ्यावे. पाचमधले गंधक आतल्या पितळेच्या कड्या खाते. रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी नको, गंजरोधक मिसळावे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि खालचे धड लोखंडाचे आहे, दोघांचे पटवून ठेवावे लागते.

आणि लाल तेल. ते हवेतले पाणी ओढून घेते. गाडी रोज चालते म्हणून ते ताजे राहत नाही. दर वर्षी सगळे काढून नवे भरावे. डब्याचे झाकण उघडे ठेवून गप्पा मारू नयेत. हिरव्या तेलाचा डबा त्या फळीवरच काय, त्या शेडमध्येही ठेवू नये. तो तिथे मीच ठेवला होता, हे त्या रविवारी कोणी मला विचारले नाही.

कलम सहा. ही गाडी श्री. बेसिल टॅपिंग यांना विकू नये, भेट देऊ नये, प्रदर्शनासाठी उसनी देऊ नये. त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत. त्या चादरीखाली राहतात आणि ट्रेलरवरून फिरतात. त्यांनी ही चौथी अनेकदा मागितली आहे. त्यांचा दोष एवढाच की ते हसले, आणि हसण्यासारखे घडलेही होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल तेलाच्या सीलचा अख्खा संच, त्यांनी वर्षानुवर्षे जपलेला, एका बिस्किटांच्या डब्यात घालून आमच्या दाराशी ठेवला. आम्ही तोच वापरला. त्यामुळे त्यांच्यावर रागावणेही मला नीट जमत नाही. तरीही गाडी नको. क्लबाच्या हिरव्या डब्याव्यतिरिक्त माझ्या स्वतःच्या पैशाचे जे हिरवे तेल प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, ते सर्व त्यांना द्यावे. त्यांच्या गाड्यांना तेच लागते.

सही करण्यापूर्वी हाताने लिहिलेली पुरवणी

वरील मजकूर टंकून झाल्यावर आज दुपारी सही करायची असे ठरले होते. साक्षीदार म्हणून औषधांच्या दुकानातल्या सीलिया ओकम आणि शेजारचे डॉन फॅरेली यांना बोलावले होते. सीलिया वेळेवर आली. डॉन बेटावर गेले होते. वाऱ्यामुळे बोट थांबली आणि ते तिकडेच अडकले. सीलियाला दुकान उघडायला परत जायचे होते.

ती म्हणाली, "मग डेस आहे की घरात. डेस, ये रे इकडे, एक सही ठोक."

"बाबांची नाही चालणार," मी म्हणाले.

वडील दारात उभे होते. "बरोबर आहे तिचं, सीलिया. माझ्या सहीचा काय भरवसा."

"तसं नाही, बाबा. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. तुमचं नाव आत आहे."

"मला काय मिळतंय?"

"गाडी."

ते खुर्ची ओढून बसले. "कधी?"

"मी गेल्यावर."

"दक्षिणेला गेल्यावर?"

"नाही. मेल्यावर."

सीलिया खिडकीबाहेर पाहू लागली. वडिलांनी टेबलावरचे कागद हाताने सरळ केले, ते सरळच होते. "म्हणजे तू मरेपर्यंत मी त्या गाडीला हात लावायचा नाही. असंच ना?"

"असं लिहिलेलं नाही."

"मग कसं लिहिलंय? वाच."

मी म्हणाले की ते नंतर वाचायचे असते. ते म्हणाले, "मी तुझ्याआधी जाणार, टॅम. मला नंतर नाही. वाच."

मी कलम चार वाचून दाखवले. सगळे. फाडलेला मसुदाही, दुधाची बाटलीही. "मला माझ्या वडिलांची लाज वाटली" या वाक्याशी मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचे वाचता आले नसते. सीलिया उठून जाऊ लागली तेव्हा वडील तिला म्हणाले, "बस गं. त्या दिवशी सगळ्यांसमोर झालं ना? मग हेही कोणासमोर तरी होऊ दे."

मी वाचून संपवले. मग वडील म्हणाले, "तेलाचं तू बरोबर होतीस."

"हो."

"आजोबांचं नव्हतीस."

"नाही. नव्हते. मला माफ करा, बाबा."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नुसती, ते मी ठरवणार नाही. मग म्हणाले, "मग आत्ताच दे की."

"काय?"

"गाडी. मेल्यावर कशाला? मला काय तुझ्या मरणाची वाट बघत बसवतेस? एवढं वर्षभर तू बर्फात, गाडी शेडमध्ये, तिची सील वाळून जातील. आण तो मालकी बदलायचा कागद."

सीलिया म्हणाली, "आण, आण. माझ्यासमोर दोन्ही उरकून टाका. दुकानाला उशीर झालाय तो झालाच."

कागद भरला. मी सही केली, त्यांनी केली. गाडी आज दुपारपासून माझी नाही. म्हणून कलम चार मी खोडते. कलम पाच आता निरुपयोगी आहे, कारण माझ्या मालकीची नसलेल्या गाडीला काय पाजावे हे मी सांगू शकत नाही. तेही खोडते. कलम सहामधले गाडीचे वाक्य कायद्याने लागू नाही. ते मत म्हणून राहू द्यावे. वडिलांनी ते वाचून म्हटले, "बेसिलला मी बघून घेतो."

कलम पाच खोडण्याआधी त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचले. जीएल-चारपाशी "ठीक," म्हणाले. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "अठ्ठ्याण्णव कशाला जाळतेस? या इंजिनाला पंच्याण्णव पुरतं. उगाच शान. मी पंच्याण्णव भरणार."

या प्रश्नावर माझे मत वेगळे आहे आणि मी ते आकड्यांनी सिद्ध करू शकते. मी वाद घातला नाही.

"आता मला काही मिळत नाही ना?" त्यांनी विचारले.

"नाही. काहीच नाही."

"मग आण ते पेन."

खोडलेल्या ओळींशेजारी आम्ही तिघांनी आद्याक्षरे केली आहेत. मी, टॅम्सिन रूथ गॅफ्नी, हे माझे शेवटचे म्हणणे समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते. तेही माझ्या आणि एकमेकांच्या डोळ्यांदेखत करीत आहेत. तिघेही याच टेबलाशी बसलो आहोत.

(सही) टॅम्सिन रूथ गॅफ्नी

साक्षीदार पहिली: (सही) सीलिया मार्गरेट ओकम, औषधविक्रेती, वुडब्रिज

साक्षीदार दुसरा: (सही) डेस्मंड पॅट्रिक गॅफ्नी, सागरी इंजिनियर, वुडब्रिज. नावापुढे "निवृत्त" असे लिहायला मी सुचवले होते. त्यांनी लिहिले नाही.

स्थळ: वुडब्रिज, टास्मानिया
दिनांक: १९ जानेवारी २०२४